दक्षिणवाहिनी दाढी

नाशकातला, तिवंध्याजवळचा आमचा वाडा पाडायला दिला, तेव्हा घरातल्यांनी आपापल्या वाटणीचं उचललं. थोरल्या काकांनी तांब्याचा बंब नेला. आत्यानं पाटा-वरवंटा नेला, तो तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कसा चढवायचा याचा विचार न करता. माझ्या वाट्याला आजोबांची ट्रंक आली. आत दोन धोतरं, कोर्टाचे कागद आणि फडक्यात गुंडाळलेला दाढीचा रेझर.

पितळी, तीन तुकड्यांचा, मुलामा उडालेला. ब्लेडखाली फणीसारखे दाते, आणि बारीक अक्षरांत ‘जिलेट, मेड इन इंग्लंड’. दात्यांच्या फटीत पिवळट काहीतरी घट्ट बसलं होतं. जुन्या साबणाचा थर असणार. आजोबांच्या शेवटच्या दाढीचा! मी दोन वर्षांचा असताना ते गेले; त्यांचा स्पर्श म्हणून माझ्याकडे काहीच नाही. मला भरून आलं. जुन्या टूथब्रशनं तो थर कोरडाच खरवडला, त्याची पूड कागदाच्या पुडीत बांधली आणि देवघरात अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवली. रेझर दहा मिनिटं उकळला. यापुढे दाढी करायची ती यानंच.

बायकोला बचतीचं कारण सांगितलं. एका कार्ट्रिजच्या पैशात साध्या ब्लेडची चार-पाच पाकिटं येतात, हे खरंच आहे. हिशोब तिला पटला. मग मी अभ्यासाला लागलो. किंग कॅम्प जिलेट नावाच्या गृहस्थानं १९०३ साली अमेरिकेत असे रेझर विकायला काढले, तेव्हा वर्षभरात खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. म्हणजे माणशी तीन ब्लेडं आणि वर थोडी. माझ्या ड्रॉवरमध्ये दोन महिन्यांत दोनशेच्या वर ब्लेडं झाली. अख्ख्या अमेरिकेला १९०३ साली मी एकटा पुरून उरलो असतो.

ब्लेडांपाठोपाठ वाटी आली, साबणाची वडी आली, स्टँड आला, तुरटीचा घासूनपुसून गुळगुळीत केलेला ठोकळा आला. (किराणा दुकानात ओबडधोबड मिळते तीच तुरटी. गुळगुळीत करायचे निराळे पैसे.) मग ब्रश. आईनं विचारलं, “कसला रे?”

“बोअरचा.”

“बोअरच्या पाण्याला वेगळा ब्रश लागतो?”

मी हो म्हटलं. बोअर म्हणजे डुक्कर, आणि तिचा मुलगा एकादशीच्या दिवशी डुकराचे केस तोंडावरून फिरवतो आहे, हे सांगायची माझी हिंमत नव्हती. तसं तिचं अगदीच चुकत नव्हतं. आमच्या सोसायटीत आठवड्यातले निम्मे दिवस बोअरचंच पाणी असतं. ते जड. त्यात साबणाचा फेस होत नाही, दह्याच्या निवळीसारखं काहीतरी होतं. मी पिण्याच्या फिल्टरमधून दाढीसाठी तांब्याभर पाणी घ्यायला लागलो, तेव्हा बचतीचा विषय घरात पुन्हा निघाला.

आता प्रत्यक्ष दाढी. डिसेंबरातली नाशिकची सकाळ, गीझरला वेळ लागतोय, मी दार लावून आत. ब्रश कोमट पाण्यात भिजत घातलेला. डुकराचे केस राठ असतात, टोकं चिरून मऊ व्हायला कित्येक दाढ्या जाव्या लागतात. तोवर गालावर केरसुणी फिरवल्यासारखं वाटतं. रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा असतो. तीस अंश म्हणजे किती, हे पाहायला मी लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला आणि फेसानं भरला. आधी सुलट, मग आडवा, मग उलट, असे तीन हात. त्यासाठी आपले केस कुठून कुठे वाढतात ते बोट फिरवून पाहावं लागतं. पंचेचाळीस वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. गालावरचे केस मुकाट खाली जातात. पण गळ्यावर हनुवटीच्या डाव्या अंगाला, रामकुंडापाशी आमची गंगा, म्हणजे गोदावरी, वळते तसे, एकदम दक्षिणवाहिनी होतात. आणि त्या वळणावर रोज रक्त.

नाकाखालची जागा मी शेवटाला ठेवतो. ज्या गावाचं नाव लक्ष्मणानं कापलेल्या नाकावरून पडलं म्हणतात, तिथे राहून एवढी सावधगिरी हवीच.

कापलं की दोष ब्लेडला. हे फार बोथट, केस उपटतं. ते जपानी फार धारदार, कधी कापलं ते कॉलर लाल झाल्यावर कळतं. तिसरं पहिल्या दाढीला नको, दुसऱ्या दाढीला चांगलं. मी वहीच घातली होती: तारीख, ब्लेड, जखमा. ऑफिसातल्या शिपायानं एक दिवस चहा ठेवताना विचारलं, “साहेब, मांजर पाळलं का?”

वापरलेली ब्लेडं टाकायची कुठे, हा आणखी एक घोळ. पूर्वी घरात वापरलेलं ब्लेड म्हणजे संपत्ती होती. अर्ध्यानं नखं काढायची, अर्धं आईच्या शिवणाच्या डब्यात उसवायला. स्टेनलेस ब्लेडं साठच्या दशकात आली. त्याआधीची गंजायची, म्हणून लोक ती पुसून ठेवायचे आणि काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून धार लावायचे. आता ती कचऱ्यात टाकली, तर घंटागाडीवाल्याचा हात कापेल, म्हणून बायकोनं चिवड्याच्या रिकाम्या डब्याला वर फट पाडून दिली. ते भिशीचे पैसे समजून पाहुण्यांच्या पोरानं परवा डबा हलवून पाहिला.

शेवटी एका लग्नाच्या आदल्या दिवशी मुकाट्यानं आमच्या जुन्या न्हाव्याकडे गेलो. त्यानं माझा गळा पाहिला, काही बोलला नाही. कागदासकट ब्लेड मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्यात सरकवलं आणि कांद्याच्या भावावर बोलत बोलत पाच मिनिटांत मला मोकळं केलं. एक थेंब नाही. ब्लेडचा कागद मी उचलून पाहिला. माझ्या वहीत त्या ब्लेडला दहापैकी दोन गुण होते.

“दाबता तुम्ही,” एवढंच तो म्हणाला.

मग मी दाबणं सोडलं. रेझरच्या वजनानंच दाढी होऊ द्यायची, मनगट सैल. आणि गेल्या मंगळवारी खरंच झाली. गाल गुळगुळीत, दक्षिणवाहिनी कोरडी. त्या आनंदात सुट्टी टाकली आणि रेझर धुऊन, तिन्ही तुकडे सुटे करून गॅलरीतल्या उन्हात ठेवले. आई तिथेच मेथी निवडत बसली होती.

“हा तुझ्याकडे कसा रे?”

“ट्रंकेत होता. आजोबांचा.”

“ते कळलं. पण तू करतोस काय त्याचं?”

“दाढी.”

आईच्या हातातली काडी हातातच राहिली. “अरे, मामंजींची दाढी करायला शेवटपर्यंत न्हावी यायचा वाड्यावर. बुधवारी आणि रविवारी.”

“मग हा?”

“कुणीतरी मुंबईहून आणून दिला होता. एकदाच गाल कापून घेतला, पुन्हा तोंडाला लावला नाही. पायाला कुरूपं होती ना त्यांच्या, टाचाही फुटायच्या. दुपारी ओसरीवर बसून यानंच खरवडत बसायचे.” आणि मेथीकडे वळत म्हणाली, “त्या फटी नीट साफ केल्यास ना?”

मी देवघराकडे धावलो. तिथे दोन पुड्या होत्या, आता एकच. बायकोला हाक मारली.

“सकाळी हिचा भूमितीचा पेपर नव्हता का,” ती आतून म्हणाली, “लावला की कपाळाला. चिमूटभर जिभेवरही दिला. जरा पिवळट निघाला हो, या वेळचा अंगारा.”