टॅबवर आपलं नोटेशन दिसतं तरी कुठे?

पुण्यातल्या आमच्या जुन्या गाण्याच्या क्लासच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय, एका मुलीने बैठकीत समोर टॅब ठेवून बंदिश गायली म्हणून. पाठ नाही तर बसायचं कशाला, रियाजच कच्चा, सगळं बोलून झालं. मी जर्मनीत लाइपझिगला राहतो, इथल्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गातो, आणि मला मनापासून वाटतं की वाद भलत्याच गोष्टीवर चाललाय.

इथे डिसेंबर आला की बाखचं ख्रिसमस ऑरेटोरिओ, म्हणजे ख्रिस्तजन्मावरची कॉयर आणि वाद्यवृंदाची मोठी रचना, दीडशेच्या वर पानं. माझ्या शेजारी उभे राहणारे आजोबा हल्ली टॅबवरून गातात कारण नोटेशन, म्हणजे लिहिलेले सूर, मोठं करून बघता येतं, आणि आमची पियानोवाली पायाशी ब्लूटूथ पेडल ठेवते, पान उलटायला हात उचलावा लागत नाही. कुणी नाक मुरडत नाही. ब्रसेल्स फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने तर २०१२ सालीच कागदाऐवजी टॅबवरून वाजवलं होतं. पण इथे सूर न् सूर लिहिलेला असतो. आपली बंदिश चार ओळींची, पुढचं सगळं तिथेच बसून सुचायचं, तेव्हा नजर तबलजीकडे हवी, म्हणून बैठकीत टॅब नको हे मलाही पटतं.

पण घरी, शिकताना? तिथे टॅब हवाच, आणि नेमकं तिथेच आपलं अडतं. पंडित भातखंड्यांच्या स्वरलेखनाच्या पद्धतीत कोमल म्हणजे उतरलेल्या स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म्हणजे चढ्या मध्यमावर उभी, मंद्राला म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराला खाली टिंब, एका मात्रेतल्या स्वरांखाली कंस. हे सगळं टाइप करायला गेलं की टिंब रेघेवर चढतं, कंस भलतीकडेच सरकतो, मग लोक कंटाळून पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पाठवतात. भातखंडे १९३६ साली गेले, त्यांच्या बंदिशींच्या क्रमिक पुस्तकांचा कॉपीराइट कधीच संपलाय, मग ती टॅबवर स्वच्छ वाचता येतील अशी का नकोत? ग्रुपवरच्या मंडळींनी यावर भांडावं, मी रात्र रात्र जागून टायपिंग करायला तयार आहे.

काल भाचीला व्हिडिओ कॉलवर भीमपलास राग सांगत होतो. आरोहाचा पहिलाच स्वर मंद्र कोमल नी, म्हणजे खाली रेघही आणि टिंबही. फोटोत टिंब दिसलं, रेघ पुसट, तिने शुद्ध नी लावला. शेवटी मी स्केचपेनने कागदावर मोठ्ठा नी काढला आणि कॅमेऱ्यापुढे धरला.