बंदोबस्त नेमका कुणाचा?

मेट्रो ४ च्या कामाला ठाण्यात घोडबंदर रोडवर पोलीस बंदोबस्त लागतो, कबूल. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ४७ मध्ये तशी सोयच आहे: अर्ज करा, खर्च भरा, जादा पोलीस घ्या. त्यात गैर काही नाही. पण ते पोलीस तिथे करतात काय, हे कापूरबावडीला अडकलेल्या माणसाला विचारा!

परवा मानपाड्याला तेच. पत्रे ठोकून अर्धा रस्ता गिळलेला. उरलेल्यात गुजरातकडे निघालेले कंटेनर, टीएमटीच्या बसगाड्या आणि उलट्या दिशेने घुसलेले बाइकवाले. पत्र्याच्या आत, क्रेनशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत हवालदारसाहेब. शिट्टी गळ्यात, नजर मोबाइलमध्ये. बाहेर ट्रॅफिक वॉर्डन म्हणून उभं केलेलं पोरगं एकटंच लाल दिव्याची कांडी हलवतंय. त्याला कोण जुमानतो? त्याला दंड करायचा अधिकार नाही, हे रिक्षावाल्यांना पक्कं ठाऊक. मी काच खाली करून म्हटलं, "साहेब, जरा बाहेर या की." तर म्हणे, "आपली ड्युटी क्रेनची आहे."

क्रेनची! क्रेन काय पळून जाणार होती?

त्या माणसावरही फार चिडत नाही. दिवसभराची नेहमीची ड्युटी करून आलेला असेल बिचारा. पण ठेकेदाराने पैसे भरले म्हणून पोलीस काय पत्र्याच्या आतला झाला? गाड्या तुंबतात त्या बाहेर. पुढच्या वेळी पैसे भरून घेताना एवढं लिहून घ्या: खुर्ची टाकायचीच असेल तर चौकात टाका.