पुस्तकात तसं नाहीये म्हणे

सकाळी घरच्या ग्रुपवर मुंबईच्या भाच्याने हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेतल्या स्नेपचा फोटो टाकला. स्नेप म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेतला मास्तर, पुस्तकात फिकट चेहऱ्याचा. त्या भूमिकेसाठी एचबीओने पापा एसिडू हा कृष्णवर्णीय नट घेतलाय. खाली भाच्याचं वाक्य : "वाट लावली. पुस्तकात असा नाहीये." त्याला घरच्यांचे अंगठ्यांवर अंगठे. एक माझ्या सख्ख्या भावाचा. पेजेचं आधण उतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं.

मी सातवीत होते. शाळेच्या गॅदरिंगला रामायण. सीतेचं सगळं भाषण मला तोंडपाठ. बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं नि म्हणाल्या, "तुला शूर्पणखा शोभेल." मुळात काळी, त्यावर आणखी तव्याची काजळी फासली! आणि राम झालेला मुलगा गोरापान, वर पावडर थापलेला. समोर बसलेल्या प्रत्येक घरात तिन्हीसांजेला रामरक्षा व्हायची, तिच्यात राम 'नीलोत्पलश्याम' आहे. पण 'पुस्तकात तसं नाहीये' हे तेव्हा एकालाही आठवलं नाही. द्रौपदीचं तर एक नावच कृष्णा. टीव्हीवर सावळी द्रौपदी कधी बघितलीत?

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांचा नायक गेड तांबूस-तपकिरी. २००४ साली टीव्हीवर आणताना गोरा नट घेतला. बाई इतक्या संतापल्या की त्यांनी जाहीर लेख लिहिला. आताची ही पुस्तकनिष्ठ फौज तेव्हा कुठल्या जत्रेला गेली होती?

उलट 'पर्सी जॅक्सन' या मुलांच्या पुस्तकांतली ॲनाबेथ. पुस्तकात सोनेरी केसांची. २०२२ मध्ये मालिकेसाठी लिआ जेफ्रीज या कृष्णवर्णीय मुलीची निवड झाली नि लोकांनी त्या पोरीला नको नको ते ऐकवलं. शेवटी लेखक रिक रायर्डन स्वतः तिच्या बाजूने उभा राहिला. १२ वर्षांची होती हो ती. माझ्या काजळीच्या वयाची. माझ्या बाजूने कोण उभं राहणार होतं?

बरं, स्नेपचं थोडं वेगळं आहे. पुस्तकात हॅरीचा बाप त्याला चारचौघांत उलटा टांगतो, तिथे टांगलेला पोरगा काळा असला की अर्थ बदलेल. मान्य. पुढे.

मी सातवीत होते त्याच वर्षी आजी मला दहीकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकाला घेऊन गेली. कुडाळकडच्या माणसाला दशावतार काय सांगायचा! संहिता नाही, आख्यान ठरतं नि बोलणं उभ्याउभ्या. त्या रात्री वस्त्रहरण होतं. द्रौपदी झालेला गडी दिवसा आमच्याकडे नांगर धरायला यायचा, माझ्याहून काळा, हातांना घट्टे. पहाटे त्याने कृष्णाला हाक मारली तशी आजीने माझा हात दाबला, "बघ गो, द्रौपदी कशी रडता ती!" तिचेही डोळे भरलेले. रोज त्याला न्याहारी वाढणारी माझी आजी!

उजाडल्यावर तो चहाच्या टपरीवर बसला होता. तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला, हातात बांगड्या तशाच, त्याच हातात विडी. मी नुसती त्या हाताकडे बघत राहिले. माझ्या हाताशेजारी ठेवला असता तर फरक कळला नसता.

भाच्या, वाचलंस तर फोन कर. रागावलेली नाही. म्हणजे, आहे थोडी. जत्रेला कोकणकन्येचं तिकीट काढ, आणि तुझ्या मामालाही विचार तो अंगठा कशासाठी होता.