‘१६९.२५४’ म्हणजे प्रिंटर हॅक झाला, हे खरं नाही

इंदूरच्या मराठी दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: प्रिंटरचा आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) १६९.२५४ने सुरू झाला, तर तो बाहेरच्याने ताब्यात घेतलाय, लगेच नवा बोर्ड टाका. कृपया यापायी कुणाला पैसे देऊ नका.

ऑफिसातला राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता देतो. त्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. प्रिंटरने मागूनही उत्तर आलं नाही, तर तो स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतो. ही पद्धत २००५ सालच्या आरएफसी ३९२७ या मानकात लिहिलेली आहे. अशा पत्त्यांची ये-जा राउटरने पुढे न्यायची नाही, हाही त्यातलाच नियम; म्हणजे हा पत्ता दिसणं ही बाहेरच्याने प्रिंटर ताब्यात घेतल्याची खूण नाही.

पावसाळ्यात लाइट जाऊन आली, की बरेचदा प्रिंटर आधी सुरू होतो आणि राउटर मागून. तिथेच घोळ होतो. प्रिंटरच्या मागे नेटवर्क केबल जिथे लागते, त्या पोर्टचा दिवा लागलाय का बघा. नसेल तर केबल ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत दाबा. वायफायवर असेल, तर पासवर्ड मध्यंतरी कुणी बदललाय का, विचारा. मग राउटर पूर्ण सुरू होऊ द्या आणि त्यानंतरच प्रिंटर बंद-चालू करा. नवा पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८ने सुरू होतो.

सुरक्षेची काळजी असेलच, तर प्रिंटरचा कंपनीतून आलेला अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बदला.