खिडकीतल्या शिखरापेक्षा पायवाट जवळ हवी

डोंगरातल्या भटकंतीसाठी मुक्काम कुठे करावा यावरच्या लेखात 'खोलीतून शिखर दिसलंच पाहिजे' यावर फारच भर दिलाय. अहो, शिखरं दिवसभर बघायचीच आहेत की! दोन-तीन दिवसांच्या भटकंतीत मी आधी बघतो ते दारातून निघून पायवाटेला किती वेळात लागता येतं ते. सकाळचा तासभर रोज गाडीत गेला की पंचाईत, कारण डोंगरात बऱ्याचदा दुपारनंतर ढग जमतात आणि विजांची भीतीही तेव्हाच जास्त. त्यात चढाचा हिशोब नुसत्या अंतरावर करून चालत नाही. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा अजून कामी येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक. मुक्काम दरीच्या तळाशी असेल तर हा चढ रोज नव्याने, आणि उतरताना गुडघे कुरकुरतात ते वेगळंच.

म्हणून थेट उंचावर राहा असंही नाही. २५०० मीटरच्या वर पहिल्याच रात्री झोपलात तर डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. एवढ्याशा सुट्टीत शरीराला सवय कधी होणार?

बुकिंगआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा. नाश्ता उजाडायच्या सुमाराला मिळेल का, आणि ओले बूट वाळवायची सोय आहे का. "बाल्कनीत ठेवा की" असं उत्तर आलं तर मी दुसरीकडे बघतो. रात्रभर दव पडतं, सकाळी बूट होते तसेच ओलेगार.