खाचेत बसली म्हणजे बॅटरी चालेलच असं नाही

आमच्या स्टुटगार्टच्या मराठी सायकल ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या बॅटऱ्या सगळ्या ३६ व्होल्टच्याच असतात, कंपनी एक असेल तर कुणाचीही बॅटरी कुणालाही लावा, दोन बॅटऱ्या जोडल्या तर रेंज दुप्पट, आणि भारतात जाताना सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतून न्या. यातलं थोडंसं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात.

आधी 'एकच कंपनी' घेऊ. गेल्या उन्हाळ्यात स्टुटगार्टजवळच्या श्वेबिश आल्ब डोंगररांगेच्या चढावर आमच्यातल्या एकाची बॅटरी संपली. दुसऱ्याची सायकल त्याच कंपनीची, मोटर दिसायला जुळी. बाकावर बसून बॅटऱ्या बदलल्या. खाचेत बसली, 'खट्' आवाजही आला, पण स्क्रीन काळीच. तीन वेळा काढली, पुसली, पुन्हा लावली. शेवटी त्यानं ती चोवीस किलोची सायकल तशीच ढकलत वर नेली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

असं का होतं? बॅटरी म्हणजे नुसता डबा नव्हे. तिच्या आत एक सर्किट असतं आणि ते मोटरशी बोलतं. ओळख पटली नाही तर ती वीज सोडतच नाही. इलेक्ट्रिक सायकलींच्या मोटर आणि बॅटऱ्या बनवणाऱ्या बॉश कंपनीचं उदाहरण घ्या. २०२१ साली त्यांनी 'स्मार्ट सिस्टिम' आणली. 'परफॉर्मन्स लाइन सीएक्स' ही मोटर जुन्या सिस्टिममध्येही आहे आणि नव्यातही, पण जुनी बॅटरी नव्या सिस्टिमवर चालत नाही, नवी जुन्यावर चालत नाही. चार्जरसुद्धा वेगळे. जुन्या सिस्टिमच्या आतसुद्धा ६२५ वॉट-अवरची (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) पॉवरट्यूब, म्हणजे फ्रेमच्या नळीत बसणारी बॉशची बॅटरी, ५००च्या पॉवरट्यूबपेक्षा लांब, म्हणजे छोट्या बॅटरीसाठी बनवलेल्या फ्रेममध्ये ती शिरणारच नाही. शिवाय आडव्या आणि उभ्या बसणाऱ्या पॉवरट्यूब वेगळ्या.

सिस्टिम, प्रकार आणि लांबी तिन्ही जुळलं, तर मात्र अदलाबदल खुशाल करा. त्यात काही धोका नाही, आम्हीही करतो. फक्त किल्ली बरोबर हवी, कारण किल्लीशिवाय बॅटरी निघत नाही आणि निम्मे लोक ती घरी ड्रॉवरमध्ये ठेवून येतात. नव्या बॉशवर मालकानं ॲपमधून 'बॅटरी लॉक' लावलेलं असेल, तर ती दुसऱ्या सायकलवर मोटरला साथ देत नाही. उसनी देणाऱ्यानं आधी ते काढायला हवं. आणि बॅटरी कधी आपटली होती का, हे विचारायला लाजू नका. बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते, आणि आपटलेल्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट व्हायला वेळ लागू शकतो. बाहेरून ओरखडाही दिसत नाही.

'सगळ्या ३६ व्होल्टच्याच' हेही खरं नाही. बहुतेक असतात, पण ४८ व्होल्टच्याही आहेत. ४८ची बॅटरी पूर्ण भरली की ५४.६ व्होल्ट देते. ३६च्या मोटरचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं सर्किट, साधारण ४२ व्होल्टच्या हिशोबानं बनवलेला असतो. म्हणून मधे ॲडॉप्टर लावून ४८ची बॅटरी ३६च्या मोटरला जोडू नका. ॲडॉप्टर फक्त प्लग जुळवतो, विजेचा दाब (व्होल्ट) जुळवत नाही.

आता ज्या मुद्द्यामुळे मी हे लिहायला बसलो, तो म्हणजे दोन बॅटऱ्या 'जोडणं'. हिशोब करून पाहा. ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा सेल एकामागोमाग असतात. भरलेला सेल ४.२ व्होल्टवर, म्हणजे बॅटरी ४२ व्होल्टवर. दमलेली बॅटरी ३२च्या आसपास. या दोघींच्या तारा थेट समांतर जोडल्या, की फरक १० व्होल्टचा. वाटेतला रोध ०.२ ओहम धरला, तर भरलेलीतून रिकामीत ५० अँपिअर धावतात. आपला नेहमीचा चार्जर भरतो ४ अँपिअरनं! मधे संरक्षण नसेल, तर तारा तापतात, सेल तापतात आणि लिथियमचा सेल एकदा पेटला की शेजारच्या सेलला पेटवतो. ज्या सायकलींना कंपनीनंच दोन बॅटऱ्या दिलेल्या असतात, तिथे हे जोडणं इलेक्ट्रॉनिक्सच्या देखरेखीखाली होतं. घरी कापलेल्या तारांवर देखरेख करणारं कुणी नसतं. कृपा करून हा प्रयोग करू नका, निदान मुलं झोपतात त्या घरात तरी नाही.

विमानाचं उत्तर छोटं आहे. सुटी बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत चालते, १६०पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीनं. आपली ५००ची असते. प्रवासी विमानात ती ना हातातल्या बॅगेत चालते, ना सामानात.

पुढच्या राइडला येणाऱ्यांनी आपल्या बॅटरीवरच्या लेबलचा फोटो आदल्या रात्री ग्रुपवर टाकावा. कुणाची कुणाला चालेल, ते पार्किंगमध्येच ठरवू. आणि किल्ली आणा.