दहावीनंतर पट माळ्यावर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही महिने एकच वाद धुमसतोय. भाचा यंदा दहावीला. सातव्या वर्षापासून बुद्धिबळ खेळतोय, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, पंधराशेच्या वर गेलंय, सांगली-कोल्हापूर-पुण्याच्या स्पर्धांत मिळालेल्या ट्रॉफ्यांनी शोकेस भरून आता फ्रिजवर चढाई केली आहे. त्याच्या अकॅडमीतले सर म्हणतात, ग्रँडमास्टर व्हायचं असेल तर शाळा नावापुरती ठेवा आणि दिवसाला आठ तास द्या. आई म्हणते, दहावीचं वर्ष आहे, पट माळ्यावर टाका. काका रोज दिव्या देशमुखचा एखादा फोटो टाकतात. नागपूरच्या या १९ वर्षांच्या मुलीनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याच फटक्यात ती ग्रँडमास्टर झाली आणि राज्य सरकारनं तिला ३ कोटी दिले. काकांच्या मते प्रश्न तिथंच मिटतो. भावाचं म्हणणं एका ओळीचं: "ताई, एक तर पूर्ण झोकून द्यायचं, नाहीतर बंद. मधलं काही नसतंय."

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. मी राहते तिथं, जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात, मधलंच सगळं असतं. टोकाची माणसं शोधून काढावी लागतात.

परदेशात बसून गावाला शहाणपण शिकवणारी माणसं मलाही आवडत नाहीत. कचरा, हॉर्न, रांगा, झालंच तर युरोपातल्या गाड्या कशा वेळेवर सुटतात (जर्मन रेल्वेनं हल्ली रोज जायचं म्हणजे काय ते विचारा एकदा). तेव्हा 'तिकडं सगळं चांगलं' असा माझा सूर नाही. फक्त इथला एक प्रकार नीट सांगायचा आहे, कारण सांगलीत तो नाही असं सांगलीकरांना वाटतं आणि एके काळी तो तिथं होता.

बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीतली वरच्या दर्जाची लीग, म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो. बुद्धिबळाचीही बुंडेसलिगा आहे. विश्वनाथन आनंद तिच्यात बाडेन-बाडेनच्या क्लबकडून खेळायचा. पण खरी गंमत तिच्या खाली आहे. ही शिडी उतरत उतरत विभाग, जिल्हा आणि जिल्ह्यातलाही शेवटचा वर्ग इथपर्यंत येते. जर्मन बुद्धिबळ महासंघाचे सभासद ९० हजारांच्या आसपास आणि क्लब दोन हजारांहून जास्त. त्यातली बहुतेक माणसं या खालच्याच पायऱ्यांवर आयुष्यभर खेळतात. शरद ऋतूपासून एप्रिलपर्यंत साधारण महिन्यातून एका रविवारी सामना. आमच्या गटात आठ पट, समोर शेजारच्या गावचे आठ जण. बक्षीस शून्य. यजमान संघानं पट, घड्याळं, कॉफी आणि घरी केलेला केक आणायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी सरावाला जमायचं. वर्षाची वर्गणी म्हणजे सांगलीतल्या अकॅडमीची एका महिन्याची फी.

मागच्या मोसमातला एक रविवार सांगते. सात पट संपले होते, गुण साडेतीन-साडेतीन, आणि राहिला होता माझा सहावा पट. समोर निवृत्त रेल्वे ड्रायव्हर. त्याचा हत्ती आणि एक प्यादं, माझा नुसता हत्ती. दोन्ही संघांची चौदा माणसं हाताच्या घड्या घालून भोवती उभी. मी हत्ती सहाव्या ओळीत धरून बसले, म्हणजे त्याच्या राजाला पुढं यायला वाट नाही. तासभर त्यानं इकडून तिकडून बघितलं. शेवटी कंटाळून प्यादं सहाव्या ओळीत सरकवलं. तेवढ्याचीच वाट होती. हत्ती सरळ खाली पहिल्या ओळीवर, आणि मागून शह, शह, शह. आता त्याच्या राजाला लपायला प्यादंच पुढं उरलं नाही. बरोबरी, चार-चार. आमचा संघ त्या एका अर्ध्या गुणानं खालच्या वर्गात घसरायचा वाचला. शिडीच्या तळाजवळ असून वाचला, यात अभिमान बाळगण्यासारखं किती ते सोडा. ड्रायव्हर आजोबांनी मग माझ्यासोबत बसून सगळा डाव पुन्हा लावला आणि ते कुठं चुकले हे मला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं.

या युक्तीला फिलिदोरचा बचाव म्हणतात, अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूच्या नावानं. मला ती सांगलीत एका विमा एजंट काकांनी शिकवली. मी तेव्हा फ्रॉक घालणारी पोर. ते ऑफिस सुटल्यावर सायकल लावून यायचे, एक चहा मागवायचे आणि समोर जो असेल त्याच्याशी खेळायचे. मग तो कॉलेजचा पोरगा असो, हळदीचा अडत्या असो की मी. काका कुठलीच स्पर्धा जिंकले नव्हते. जिंकायला ते येतही नव्हते.

सांगलीचं बुद्धिबळ म्हटलं की भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. नूतन बुद्धिबळ मंडळ म्हणजे ते, आणि ते म्हणजे मंडळ, असं समीकरण होतं. उन्हाळ्यात स्पर्धा भरायच्या, देशभरातून खेळाडू यायचे. तिथं शिकलेली भाग्यश्री साठे, आताच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती झाली आणि १९९१ मध्ये आशियाई. पुढं स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली. १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरून खळबळ उडवून देणारी रोहिणी खाडिलकर मुंबईची, पण घराणं मूळचं सांगलीचंच. तेव्हा विरोध झाला, प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेलं आणि बाईला अडवता येणार नाही असा निर्णय तिचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांनी दिला.

ही नावं आपण भाषणात घेतो. त्यांच्या भोवती कोण बसायचं हे मात्र कुणी सांगत नाही. ज्यांना कधीच कसलाही किताब मिळणार नव्हता असे शिक्षक, कारकून, वकील, दुकानदार तिथं असायचे. हुशार पोरीला रोज हरवायला आणि पुढं रोज तिच्याकडून हरायला पक्की माणसं लागतात. कुस्तीचं आपल्याला बरोबर कळतं. कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले, पण तालमीत माती अंगाला लावणारे शेकडो होते, आणि त्यांना कुणी 'हिंदकेसरी होणार नसशील तर लंगोट सोड' असं म्हणालं नाही. बुद्धिबळात नेमकं तेच म्हणतोय आपण, तेही पंधरा वर्षांच्या पोराला.

मोठी माणसं पटावरून उठली कशी? मोबाईल, टीव्ही ही नेहमीची कारणं आहेतच, पण एक कारण साध्या हिशोबाचं आहे. आता आपल्याकडे खेळायचं म्हणजे रेटिंगची खुली स्पर्धा. हजार-दीड हजार प्रवेश फी, स्विस पद्धत (हरलं तरी कुणी बाद होत नाही, दर फेरीला साधारण सारख्या गुणांचे समोरासमोर येतात), तीनशे-चारशे खेळाडू, त्यात निम्म्याहून जास्त पोरंटोरं. समजा १७०० रेटिंगचा चाळिशीतला बँकेतला माणूस १५०० च्या दहा वर्षांच्या पोराशी बसला आणि हरला. त्याचे १५ गुण जातात, पोराला ३० मिळतात, कारण एका डावानं रेटिंग किती हलणार हे ठरवणारा गुणक १८ वर्षांखालच्यांना ४० आणि मोठ्यांना २०. ते पोर महिनाभर कोचिंग घेऊन आलेलं असतं, त्याचं छापील रेटिंग त्याच्या खेळाच्या मागं धावत असतं. म्हणजे हा साहेब १५०० शी नव्हे, खरं तर १८०० शी हरलेला असतो. जागतिक संघटनेलाही हे शेवटी उमगलं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी २००० च्या खालचे सगळ्यांचे आकडे एका सूत्रानं वर ढकलले, १५०० वाल्याला एका रात्रीत १७०० केलं आणि यादीची तळरेषा १४०० वर नेली. आकडा दुरुस्त झाला, पण अपमान होतो तो होतोच. दोन-तीन स्पर्धांत असं झालं की माणूस म्हणतो, रविवार घालवून, पैसे भरून, वर पोराच्या बापाचं मोबाईलवर शूटिंग बघायचं? त्यापेक्षा घरी ऑनलाइन तीन मिनिटांचे डाव बरे.

त्या बापांबद्दलही दोन शब्द. गेल्या वेळी सांगलीत होते तेव्हा भाच्याच्या स्पर्धेला गेले होते. हॉलच्या बाहेर वऱ्हांड्यात पन्नास-साठ आईबाप. डबे, पाण्याच्या बाटल्या, पुढच्या फेरीत कुणाशी पडणार याची चर्चा, मधूनच भडंगाची पुडी फिरतेय. त्यातल्या निदान दहा-पंधरा जणांना बऱ्यापैकी बुद्धिबळ येत होतं, बोलण्यावरून कळत होतं. एकानं तर भाच्याचा डाव बाहेर बाकावर बसून तोंडी मांडला आणि उंट कुठं अडकला ते सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही का नाही खेळत आत?" तो हसला. "आता कुठं वो मॅडम. पोराचं चाललंय तेवढं बास." वय असेल बेचाळीस-त्रेचाळीस. माझ्या संघात तो तरुण म्हणून खपला असता.

आता भावाची बाजू. तो मला दर वेळी ऐकवतो की तुमचे जर्मन केक खात बसतात आणि जग आम्ही जिंकतो. २०२४ मध्ये बुडापेस्टला ऑलिम्पियाडची दोन्ही सुवर्णं भारताची, त्याच डिसेंबरात सिंगापूरला गुकेश १८ व्या वर्षी जगज्जेता. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. चॅम्पियन घडवायचे तर भारताची आताची भट्टी जास्त तापते, हे उघड आहे. इथले क्लबही काही नंदनवन नाहीत. माणसं म्हातारी होत चालली आहेत. अध्यक्ष व्हायला कुणी तयार नसतं, म्हणून शेजारचा एक क्लब आमच्यात विलीन झाला. बायका तर दहात एखादी, आमच्या आठांत मी एकटीच, आणि परगावच्या संघांतला कुणीतरी अजूनही मला 'नवऱ्यासोबत आलात का' असं विचारतो. सांगलीत त्या हॉलमध्ये मुलींची एक अख्खी रांग होती. त्या बाबतीत शिकायचं असेल तर इथल्यांनी सांगलीला यावं. आणि भांडकुदळपणात तर हे आपल्याला भारी आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग हे एकच राज्य, पण बुद्धिबळाच्या संघटना दोन, बाडेनची वेगळी, व्युर्टेंबर्गची वेगळी. सांगली १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून फुटून वेगळी झाली, पण आपण निदान एकमेकांच्या स्पर्धांना जातो.

भावजयीचा मुद्दा मला भावाच्या मुद्द्यापेक्षा खरा वाटतो. ती म्हणाली, "ताई, तिकडं रविवार रिकामा असतो. इथं रविवारी लग्नं, वास्तुशांती, नाहीतर रानातलं काम. कोण येणार आहे?" बरोबर आहे. कारखान्यात पाळीनं काम करणाऱ्याला महिन्याचा एक रविवारही ठरवून मिळत नाही. म्हणून इथली पद्धत उचलून तिथं ठेवता येणार नाही, हे मान्य. पण लहान करून ठेवता येते.

आठ नकोत, चार पट पुरेत. सांगली, मिरज, तासगाव, विटा, ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर), पलूस, जत, आणि सातारकरांना हौस असेल तर कराड, वाई. एका संघात एक सोळा वर्षांखालचा किंवा खालची, एक चाळिशीपुढचा, बाकी दोन कुणीही. पावसाळ्यानंतर सहा सामने, सहा महिन्यांत. बक्षीस नाही, ट्रॉफी तर मुळीच नाही, घरोघरी फ्रिज भरलेत. रेटिंगला धरायचे नाहीत, म्हणजे गुण गेल्याची धास्ती नाही. दहावीच्या पोराला सहा रविवार परवडतात, आठ तासांची अकॅडमी परवडत नाही. शाळेचा एखादा वर्ग रविवारी रिकामाच असतो. घड्याळं अकॅडम्यांकडे ढिगानं आहेत, पण त्या देतील का हा प्रश्न आहे. भाच्याच्या सरांना विचारून बघ म्हटलं तर भाऊ म्हणाला, फुकटच्या खेळाला ते कशाला देतील.

भाचा मात्र ग्रुपवर पहिल्यांदाच काहीतरी लिहिता झाला. त्याला एकच शंका होती: त्या बाकावरच्या काकांना त्याच्या संघात घेता येईल का, कारण ते मिरजेचे आहेत. मी म्हटलं, नियम अजून ठरलेत कुठं, घे. आता राहिलं जतचं. त्यांना सांगलीला यायला दोन तास तरी लागतात, तेव्हा त्यांचा सामना असेल त्या दिवशी डाव अकराच्या आधी लावू नयेत, आणि परतीची एसटी चुकायला नको म्हणून वेळ प्रत्येकाला एक तास, वर दर चालीला तीस सेकंद, एवढीच ठेवावी.